ए, जोक!

मी नागेशच्या डोक्यावरचं पिवळं हेल्मेट बोलतोय. मला तडा गेलाय, पण खरा धक्का मनाला बसलाय. अजून सावरलो नाही.

कारखान्यातल्या साच्यातून निघालो तो थेट सौदीतल्या जिझानजवळ टाक्या बांधण्याच्या कामावर आलो. तिथे रत्नागिरीच्या या वेल्डरच्या डोक्यावर बसलो. माणूस कामाला वाघ, पण राग कायम नाकावर.

नागेश टाकीत वेल्डिंग करी, तेव्हा तोंडाशी एकाल पहारा देई. एकाल केनियातला, तुर्काना जमातीचा. सकाळी भेटला की म्हणे, "एजोका?" टाकीत वाकूनही दर पाच मिनिटांनी तेच.

नागेशला ऐकू येई, 'ए, जोक!' चारचौघांत आपल्याला जोक म्हणतो म्हणजे काय? तो नुसता "हूं" करून गुरगुरे. खोटं कशाला बोलू, कानांच्या वर बसून मीही तेच ऐकत होतो.

बुधवारी नागेश फोरमन प्रसादकडे गेला. "हा मेला रोज माझी टिंगल करतो. एकतर तो राहील, नाहीतर मी." प्रसादने एकालची बदली लांब हफ्र अल बातिनला केली, शनिवारी निघायचं ठरलं.

दुसऱ्याच दिवशी टाकीत वेल्डिंगचा गॅस साचला. नागेशला घेरी आली, तो कोसळला आणि मी पत्र्यावर आपटलो.

"एजोका?" वरून हाक आली. "एजोका? एजोका?"

'हूं' आलं नाही. तसा एकालने भोंगा वाजवला आणि नागेशच्या कमरेचा दोर दोन्ही हातांनी ओढला.

नागेशने डोळे उघडले, तेव्हा एकाल रडत होता. "एजोका? तुम ठीक है?"

"रोज... यही पूछता था?"

"रोज. तुम 'हूं' बोला, मैं समझा, ठीक है."

मी हादरलो. सहा महिने आम्ही शिवी समजत होतो, ती विचारपूस होती! आणि त्या रागीट 'हूं'वरच त्याचा जीव निश्चिंत होता.

नागेशने प्रसादचे पाय धरले. "खलास, नागेश," प्रसाद म्हणाला, "तिकडे त्याचं नाव गेलंय." शनिवारी एकाल गाडीत बसला. खिडकीतून त्याने विचारलं, "एजोका?" नागेश त्याच्याकडून शिकलेलं उत्तर कसंबसं बोलला, "एजोक." ठीक आहे. ठीक काहीच नव्हतं.

तडकलेलं हेल्मेट कुणी घालत नाही. मी आता टाकीशेजारच्या भंगारात पडून आहे. एवढंच मागतो, शब्द कळला नाही तर तो बोलणाऱ्यालाच विचारा.

डॉक्टरांनी महिनाभर टाकीत उतरू नको म्हटल्याने नागेश आता तोंडाशी पहारा देतो. आत नवा वेल्डर सुमीत, राजापूरचा. आज नागेशने वाकून हाक मारली, "एजोका?"

आतून उत्तर आलं, "ओ, जोक कुणाला म्हणता?"