उंबर नेणारी गाडी

होसूर रस्त्याच्या चढावर पिराजीच्या ट्रकचं मागच्या चाकांना फिरवणारं डिफरेन्शियल फुटलं. कडाकड आवाज आला, इंजिन भणभणत राहिलं आणि चाकं जागची हलेनात. त्या दिवसापासून पिराजीच्या मागे जे शुक्लकाष्ठ लागलं, ते लागलंच.

पिराजी निपाणीकडचा. बंगळुरात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आधी वाळू वाहिली, मग विटा, आणि गेली काही वर्षं तो झाडं वाहत होता. रस्ता रुंद करायला किंवा मेट्रोचे खांब उभारायला झाड आड आलं की ते तोडायच्या आधी मुळांसकट उकरायचं आणि दूर कुठल्या तरी तळ्याकाठी नेऊन लावायचं, असं काम करणारा एक गट होता. वेदिका नावाची पुण्याची मुलगी तो चालवायची. नोकरी मारतहळ्ळीच्या एका मोठ्या कंपनीत, पण जीव सगळा या झाडांत. पिराजीला सुरुवातीला हसूच आलं होतं. झाड काय बिऱ्हाड आहे का, इथून उचलून तिथे मांडायला? पण त्यानेच नेऊन पोचवलेल्या एका वडाला पुढच्या वर्षी तांबूस पालवी फुटलेली पाहिली, आणि त्याचं हसणं बंद झालं. मग वेदिकाचा फोन आला की हातातलं दुसरं काम तो बाजूला सारायचा.

गाडी जुनी, त्यामुळे नवं डिफरेन्शियल कुठे मिळेना. भंगारवाल्याकडे एक सापडलं, त्याच कंपनीचं, पण दुसऱ्या जातीच्या ट्रकचं. ते घेऊन पिराजी आनेकलला नागराजकडे गेला. नागराज मूळचा अथणीचा, हाताने कसबी मेकॅनिक, मराठी बोलता बोलता कन्नडात शिरणारा.

दोन्ही चाकांच्या मध्ये डिफरेन्शियल तर बसलं. नागराज गाडीखालून बाहेर आला तो मान हलवतच.

"हे बसलंय, अण्णा. पण शाफ्ट बसत नाही."

गिअरबॉक्सपासून मागे जाणारा तो लांब लोखंडी दांडा. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा. नव्या डिफरेन्शियलचं नाक जुन्यापेक्षा पुढे आलेलं, त्यामुळे शाफ्ट लांब पडत होता. आणि शाफ्टच्या तोंडाची भोकंही बोल्टांना जुळत नव्हती. नागराजने दुसरं तोंड शोधून आणलं. शाफ्ट कापला, आखूड केला, पुन्हा जोडला. गाडी रस्त्यावर काढली तर हिवताप चढल्यासारखी सगळी केबिन थरथरायला लागली. शाफ्ट परत उतरवला. दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत आले नव्हते, वेल्डिंग करताना किंचित फिरले होते. पुन्हा कापला, रेष साधून जोडला, तोल करून आणला. या वेळी गाडी अशी गेली की पिराजीने खिडकीतून हात काढून दाराला थाप मारली.

"सरी, ठीक झालं," नागराज म्हणाला. "आता एकदा भार टाकून बघूया. भारानं मागचे स्प्रिंगचे पाटे दबतात, डिफरेन्शियलचं सगळं हौसिंग वर उचलतं. त्या वेळी शाफ्टला आत सरकायला जागा लागते. रिकाम्या गाडीत ते कळत नाही."

तेवढ्यात वेदिकाचा फोन आला. रिंग रोडच्या कडेला एक उंबर होता. त्याची मुळं छाटून, गोणपाटात बांधून झाली होती. रस्ता अडवायची परवानगी फक्त रविवारी सकाळची.

"काका, गाडी झाली का? आता थांबलो तर तो मरेल."

पिराजीने नागराजकडे पाहिलं. "झाली," त्याने फोनवर सांगितलं. मग नागराजला म्हणाला, "रविवारी झाड असतंय की. तोच भार. तेव्हाच बघू."

नागराजला ते पटलं नाही. पण तो वाद घालणारा माणूस नव्हता. "मग मी पण येतो," एवढंच म्हणाला, आणि रविवारी हत्यारांची पेटी घेऊन मागच्या हौद्यात चढून बसला.

उजाडता उजाडता क्रेनने उंबर उचलला. फांद्या छाटलेल्या, तरी वर थोडी पानं ठेवलेली. खाली मातीचा आणि मुळांचा मोठा थोरला गोळा. तो हौद्यात टेकला तशी गाडी मागे खाली बसली. पिराजीने स्वतः दोर आवळले. झाड बांधायची त्याची स्वतःची गाठ होती, धक्क्याने सुटणार नाही आणि सालीला काचणारही नाही अशी. वेदिका शेजारच्या सीटवर बसली. रात्रभर जागलेली, पण चेहरा खुललेला.

"तळ्यावर खड्डा तयार आहे," ती म्हणाली. "पाणीसुद्धा सोडून ठेवलंय."

मेट्रोच्या पुलाखालून गाडी हळूहळू चालली होती. समोर रस्त्याला एक उंचवटा आला. पुढची चाकं चढून उतरली. मागची चढली, आणि खालून खाडकन आवाज आला. पिराजीच्या पायाखालची पत्र्याची जमीन हादरली. त्याला काय झालं ते न बघताच कळलं.

नागराज गाडीखाली गेला. 

"शाफ्ट पुरा आत गेलाय, अण्णा. सरकायला जागाच नाही. त्याला मधे धरणाऱ्या बेअरिंगचा पट्टा उपटलाय."

"आता?"

"स्वल्प थांब. बघतो."

त्याने दोन जॅक लावून सांगाडा उचलून धरला, म्हणजे पाट्यांवरचा भार हलका झाला. उपटलेला पट्टा पुढे सरकवून, मागे लोखंडी पट्ट्या घालून आवळायला घेतला. पिराजी बाजूला पालथा पडून पेटीतली हत्यारं देत होता. वर वेदिका कुठून कुठून पाण्याचे कॅन आणून गोणपाट भिजवत होती. ऊन चढलं. मागे गाड्यांची रांग लांबत गेली, हॉर्न वाजू लागले. ट्रॅफिकचा हवालदार दोनदा येऊन गेला. माणूस वाईट नव्हता, झाडाकडे बघून चुकचुकलासुद्धा. पण रस्ता त्याला मोकळा हवा होता.

बोल्ट आवळून झाले. नागराजने जॅक उतरवले. गाडी पुन्हा आपल्या ओझ्याने खाली बसली. पिराजीने मनात देवाचं नाव घेऊन क्लच सोडला. गाडी हलली, चार हात पुढे गेली. वेदिकाने टाळी वाजवायला हात उचलले होते. तेवढ्यात दगड फुटावा तसा आवाज झाला. या वेळी पुढून.

गाडीखाली काळं तेल पसरत होतं. शाफ्टने रेटून रेटून गिअरबॉक्सचं मागचं कवच फोडलं होतं. नागराज खाली वाकला, त्याने तेलात बोट बुडवलं आणि तसाच उकिडवा बसून राहिला. 

मग फोनाफोनी झाली. ओढून नेणारी गाडी आली, पण तिचा माणूस म्हणाला, एवढ्या भारासकट ओढणं जमणार नाही, आधी झाड उतरवा. उतरवायला क्रेन आली, तर तिला हात वर करायलाच जागा नव्हती. डोक्यावर मेट्रोचा पूल. वेदिका पुलाकडे बघत राहिली, जणू तो थोडा बाजूला होईल. शेवटी ट्रॅफिकचे साहेब आले, बरोबर करवतवाले. झाडाचे तुकडे करून काढा आणि गाडी हलवा, असा हुकूम.

"दुसरं काहीच करता येणार नाही?" वेदिकाने विचारलं. ती मराठीतच बोलली. साहेबांना मराठी येत नव्हतं. पिराजीने ते कन्नडात सांगितलं. साहेबांनी नुसती नाही म्हणून मान हलवली.

करवतवाल्यांना दोर सुटेनात. त्यांनी कोयता मागवला. "थांबा," पिराजी म्हणाला आणि वर चढला. सकाळी आवळलेल्या गाठी त्याने एक एक करून सोडल्या. बोटं तेलाने काळी झाली होती, दोरावर ठसे उमटत होते. शेवटची गाठ सुटल्यावर त्याने खोडाला हात लावला. साल थंडगार होती, आत ओल होती. अजून जिवंत होतं ते.

करवत लागली तसा पांढरा चीक वाहू लागला. हौद्याच्या पत्र्यावर, माती आणि पाण्यात मिसळून तो खाली रस्त्यावर थेंबथेंब पडत होता. वेदिका पाठ फिरवून दुभाजकावर बसली. ती रडली असती तर पिराजीला बरं वाटलं असतं. तो तिच्याजवळ गेला.

"मॅडम, नागराज म्हणत होता भार टाकून बघूया. मीच थांबलो नाही."

"घाई मी केली, काका," ती म्हणाली. पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

गाडी आनेकलला ओढून नेली. गिअरबॉक्सचं कवच बदलायला बरेच दिवस गेले. नागराजने शाफ्ट आणखी आखूड केला आणि या वेळी हौद्यात दगड भरून, पाटे दाबून, खाली झोपून पाहिलं. सरकायला मोकळी जागा राहिली होती. भरल्या गाडीने त्याने अत्तिबेलेपर्यंत फेरी मारून आणली. ना आवाज, ना थरथर.

"लोण्यासारखी चालते बघ आता," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"चालते की," पिराजी म्हणाला.

संध्याकाळी त्याने वेदिकाला फोन लावला. गाडी झाली, आता खात्रीची आहे, कधीही बोलवा, असं सांगितलं.

 "काका, मी सोडलं हे काम," ती म्हणाली. "त्या दिवसानंतर बाकीचे पण येईनासे झाले. परवानग्या, भांडणं, आणि शेवटी हे असं. माझ्याच्याने नाही होत. तुमची काही चूक नव्हती हं."

शेवटचं वाक्य तिने इतक्या पटकन म्हटलं, की ते तिने आधीच ठरवून ठेवलं असणार, हे पिराजीला कळलं.

"बरं बरं," तो म्हणाला.  फोन कोणी ठेवला, तिने की त्याने, तेही नीट कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात बनशंकरीला एक जुनं घर पाडलं, त्याचा राडारोडा उचलायचं काम आलं. अंगणात आंब्याचं एक झाडही आडवं केलेलं होतं. त्याचे ओंडके विटांवरच फेकून दे, मुकादम म्हणाला. पिराजीने फेकले.