बाविसाव्या मिनिटाला खाकरणारा मामा

लुगांग गावातल्या आमच्या गल्लीत त्या सकाळी मामाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मामा देवळातल्या देवांच्या वस्त्रांवर भरतकाम करायचा. भिंतीवर अर्धवट भरलेले झगे लटकत होते, उदबत्त्यांचा धूर कोंडला होता आणि सगळ्यांचे डोळे एका पिवळट पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर होते.

निळ्या पडद्यावर अक्षरं उमटली : फाइल सापडत नाही.

"बरोबर बाविसावं मिनिट!" माशाच्या गोळ्यांचं सूप विकणारा आ-खुन किंचाळला. "आणि फाइल पुन्हा वेगळीच!"

मामाला, म्हणजे शुई-मूला, जाऊन शंभर दिवस झाले होते. तो गेला त्याच आठवड्यात हे यंत्र बिघडलं. कॉम्प्युटर चालवणारी जुनी प्रणाली चकतीवरून पुन्हा घालायला मेकॅनिक तीनदा आला. तिन्ही वेळा काम बाविसाव्या मिनिटाला थांबलं. तिसऱ्या वेळी, आत्ताच, पंख्यातून घोगरी खाकर आली, तसा तो पाने-पेचकस टाकून पळाला.

"ऐकलंस, युन-छन?" मामीने माझा हात घट्ट धरला. "तुझा मामा असाच खाकरायचा."

माझ्याही अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू?

लाय नावाच्या भगताच्या अंगात आलं आणि तो डोलायला लागला. "शुई-मू म्हणतोय, माझा कॉम्प्युटर धाडा! तिकडे देवांच्या ऑर्डरी तुंबल्यात. म्हणून तो एकेक फाइल नेतोय!"

"तिकडे वीज आहे का हो, काका?" मी विचारलं.

"मेलेल्यांसाठी कागदाच्या मोटारी जाळतो आपण, त्यांना पेट्रोल कोण घालतं? दुपारी बाराला हा पेटवायचा!"

मामीने नकारार्थी मान हलवली. कॉम्प्युटरच्या त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात मामाच्या तीस वर्षांच्या नक्ष्या होत्या. नक्कल कुठेच नव्हती. त्या जळाल्या असत्या, तर कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं यंत्र मुकं झालं असतं आणि दुकानही.

भगताने नैवेद्यासाठी कॉम्प्युटरभोवती ठेवलेल्या खाऊच्या हिरव्या पुड्या वेदीवर नेल्या आणि तो मंत्र म्हणू लागला. आमच्याकडे यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून अशी पुडी ठेवतात. रंग हिरवाच हवा आणि तारीख उलटलेली नको. मेकॅनिकची चकती आत होतीच. मी पुन्हा काम सुरू केलं. बाविसावं मिनिट गेलं. तिसावं गेलं.

"मंत्राचा प्रताप!" लोकांनी हात जोडले. भगताने पुड्या मंतरून परत यंत्राभोवती रचल्या. थोड्याच वेळात पंखा खाकरला आणि पडद्यावर तेच वाक्य आलं.

"रागावलाय! आता जाळल्याशिवाय शांत होणार नाही!"

मी मागची पुडी उचलली. चहात उकडून नुकत्याच काढलेल्या अंड्यासारखी ती गरम होती.

"मामी, पूर्वी पुड्या किती होत्या?"

"एकच, वरती. तो गेल्यावर मी आठ केल्या. यंत्र तरी जाऊ नये म्हणून गं."

मी चकती शेजारच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये घालून दाखवली. 'हरवलेल्या' सगळ्या फायली चकतीवरच होत्या. मग भगताला म्हटलं, "आता मंत्र म्हणू नका. मी भाकीत करते. यंत्र गार करून आठही पुड्या ठेवते. ते विसाव्या मिनिटाच्या आसपास थांबेल. मग पुड्या काढते. ते थांबणार नाही."

"मेलेल्याची परीक्षा घेतेस?"

"मेलेल्याची नाही. पुडीची."

एकविसाव्या मिनिटाला ते थांबलं. मग मी झाकण उघडून यंत्र गार होऊ दिलं, झाकण लावलं आणि पुड्या लांब ठेवून काम पुन्हा सुरू केलं. साठ मिनिटांनी काम पुरं झालं. पुड्यांनी हवेची भोकं बुजली होती. आत उष्णता साठली की स्मृतीची चिप चुका करायची, वाचलेलं बिघडायचं आणि यंत्र म्हणायचं, फाइल नाही. कोंडलेला पंखा घरघरायचा, तीच खाकर.

"मग मंत्र म्हटल्यावर कसं चाललं?" आ-खुनने भगताला विचारलं. "तेव्हा पुड्या वेदीवर होत्या," मी म्हटलं. भगत सपाता शोधत होता.

मामाची फिनिक्स पक्ष्याची नक्षी पडद्यावर उघडली. भरतकामाच्या यंत्राने लाल धागा ओढला. पंखा आता नुसता फिरत होता, निःशब्द.

"म्हणजे आता तो खाकरणार नाही?" मामीने विचारलं.

"नाही, मामी."

मग तिने एक पुडी फोडली आणि सगळ्यांना खाऊ वाटला.

दुःखात माणूस कशालाही कान लावतो. त्याला हसू नये. पण कोणी त्या कानात मंत्र ओतून काही जाळायला सांगितलं, तर आधी एक पुडी बाजूला करून बघा. आपलं माणूस गेलं, एवढंच खरं असतं. त्याने केलेलं काम मात्र आपण वाचवू शकतो.