इन्सुलिनला उपास कळत नाही

गुड फ्रायडेच्या सकाळी फिदेलिनाने नवऱ्याच्या जांभळ्या झग्याच्या खिशात साखरगोळ्यांची पुडी ठेवली, तेव्हापासूनच तिचं मन तिला खात होतं. एलिसेओने इन्सुलिन टोचून घेतलं होतं आणि येशूच्या जड लाकडी पालखीला खांदा द्यायला तो उपाशीपोटी निघाला होता.

दवाखान्यातल्या नर्स नोएमीने दोघांना समोर बसवून शिकवलं होतं. इन्सुलिन घेतलं की खायचंच. घाम फुटला, हात कापले, माणूस असंबद्ध बडबडू लागला की साखर उतरली समजायचं आणि ताबडतोब गोड द्यायचं. शुद्ध हरपली तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

"आणि एलिसेओ, इन्सुलिनला उपास कळत नाही," ती म्हणाली होती. "करायचाच असेल तर आधी मला विचार, डोस बघू. सोबतच्यांनाही सांगून ठेव."

त्याने मान डोलावली आणि केलं काहीच नाही. पालखीचं मंडळ आजारी माणसाला रांगेतून काढतं, आणि त्याच्या बापाने मरेपर्यंत हाच खांदा दिला होता. उलट कोणाला सांगणार नाही अशी शपथ त्याने बायकोला मारियेच्या मूर्तीसमोर घ्यायला लावली.

रस्ताभर रंगीत भुश्शाच्या रांगोळ्या होत्या आणि धुपाने डोळे चुरचुरत होते. बायका कडेनेच चालायच्या, तशी फिदेलिना चालत होती. एलिसेओ घामाने निथळत होता, पण निथळत सगळेच होते. त्याचे हात कापत होते, पण त्या ओझ्याखाली कोणाचे कापत नव्हते? मग त्याचे ओठ हलू लागले. शेजारच्या म्हातारीने छातीवर क्रूस काढला. म्हणाली, बघ, देवाशी बोलतोय.

फिदेलिनाने जवळ सरकून कान दिला. सुतार एलिसेओ फळ्यांची मापं पुटपुटत होता.

लोकांनी जागून घातलेली रांगोळी तुडवत ती रांगेत घुसली. पालखीला पलीकडून खांदा दिलेल्या ताचोने तिला अडवलं.

"वहिनी, मागे हो. पश्चात्ताप करतोय तो, करू दे."

तिने नवऱ्याच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. उपासात खाणं जवळ बाळगणंही पाप, म्हणून त्याने पुडी घरीच काढून ठेवली होती.

"त्याला मधुमेह आहे, इन्सुलिनवर आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "साखर उतरलीय. गोड आणा."

बर्फगोळेवाल्याने लाल सरबताची बाटली पुढे केली. एलिसेओला अजून गिळता येत होतं. थोड्या वेळाने त्याने बायकोला ओळखलं. तोवर त्याच्या जागी दुसरा खांदा लागला होता आणि पालखी वळणापलीकडे गेली होती.

घरी येताना त्याने तिचा आधाराचा हात झटकला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, हे फिदेलिनाला ठाऊक होतं. तरी जीव वाचला यातच तिने समाधान मानलं.

दुसऱ्या सकाळी त्याने सुई आणि इन्सुलिनची बाटली उचलली आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"किती घेतलंस? काही खाल्लंस का?" तिने बाहेरून विचारलं.

"ते आता तुला कळायची गरज नाही," आतून आवाज आला. "तू गावाला सांगतेस."

फिदेलिना मधाची बरणी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली. तिने दाराला कान लावला. आत तो काहीतरी पुटपुटत होता. प्रार्थना की मापं, ते तिला नीट ऐकू येईना.