फोटो छान आलाय

साथ आली आणि दवाखान्याच्या फाटकावर कागद लागला: साठीच्या पुढच्यांनी येऊ नये, दुखणं फोनवर कळवावं. म्हणजे दुखणी ज्यांना जास्त, त्यांनीच यायचं नाही! डोकं गहाण ठेवल्याशिवाय असला नियम सुचत नाही.

आईला मधुमेह. पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली होती. दर आठवड्याला ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला साथीच्या वॉर्डात हलवलं होतं. मी फोन लावला. चाळीस मिनिटं गाणं ऐकवून पलीकडची बाई म्हणाली, "जखमेचा फोटो पाठवा. डॉक्टर बघतील."

आता आमचे बाबा म्हणजे जन्मभर फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस. तिरळा डोळा असो की बसलेली गालफडं, त्यांच्या स्टुडिओतून कुणी वाईट दिसून बाहेर पडलं नाही. ते मला हात लावू देतील तर शपथ! त्यांनी आईला खिडकीशी बसवलं, पाय धुतला, पू टिपला, खाली पांढरी चादर अंथरली आणि पाय जरासा उजेडाकडे वळवला.

"हलू नकोस."

"लग्नात तरी एवढ्या मनापासून काढला होतात का माझा फोटो?" आई म्हणाली.

उत्तर आलं: जखम भरतेय, मलम चालू ठेवा, तातडीचं नाही. बाबा खूश. असे तीन आठवड्यांत तीन फोटो गेले आणि तेच उत्तर तीनदा आलं. वास काही फोटोत येत नाही.

चौथ्या आठवड्यात आई तापाने फणफणली. मी तिला उचलून गाडीत घातलं. फाटकावरच्या रखवालदाराने कागदाकडे बोट दाखवलं. मी असा काही तमाशा केला, की डॉक्टर स्वतः बाहेर आले. पट्टी सोडताच ते दोन पावलं मागे सरले.

"इतके दिवस कुठे होतात?"

"तुमच्या फोनमध्ये!" मी ओरडले.

अंगठा आणि शेजारचं बोट कापावं लागलं.

बाबा दोन दिवस जेवले नाहीत. "मला कळलंच नाही गं. हात आपोआप चांगलंच दाखवतो." पहिल्या दिवशी मीही त्यांच्यावर चिडले, खोटं कशाला बोलू? मग माझा राग जागेवर आला. बाबांनी आयुष्यभर केलं तेच केलं. पण डॉक्टरांचं काम फोटोवाल्याच्या गळ्यात बांधलं कुणी?

दहा दिवसांनी फोन आला. "टाक्यांचा फोटो पाठवा."

बाबांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. त्यांनी मला गाडी काढायला लावली. या वेळी रखवालदार माझा चेहरा बघूनच बाजूला झाला. चौकशीच्या खिडकीसमोर बाबांनी आईला खुर्चीत बसवलं, तिचा पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला आणि पट्टी सोडली. ना पाय धुतला, ना चादर अंथरली.

खिडकीतल्या बाईने तोंड फिरवलं. "अहो, फोटो पाठवायचा होता..."

"मॅडम, इकडे बघा," बाबा थेट स्टुडिओतल्या आवाजात म्हणाले. "हं. आता डॉक्टर येईपर्यंत हलू नका."