मिळालं तर कराल का?

आमचं घर सर्वेक्षणात निवडलं गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी हसू आलं, मग धास्ती वाटली. मी स्वतः त्याच सर्वेक्षणात कंत्राटावर काम करते. घरोघर जायचं, कोण काम करतं, कोण करत नाही, कोण शोधतंय हे विचारायचं आणि टॅबमध्ये भरायचं. या वेळी धारवाडजवळच्या नवनगरातला आमचाच भाग निघाला, आणि त्यातल्या निवडक घरांत आमचं. आपल्या घरचे प्रश्न आपण विचारायचे नाहीत असा नियम आहे, म्हणून माझ्याबरोबर काम करणाऱ्या श्रीहरीला पाठवायचं ठरलं.

धास्तीचं कारण वेगळं होतं. तिमाहीचं कंत्राट त्याच आठवड्यात संपत होतं. पुढच्या तिमाहीला येणार की नाही ते श्रीहरी आमच्याकडे येणार त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं, असं महादेव सरांनी सांगितलं होतं. सर आमचे सुपरवायझर. मला यायचंच होतं. पण स्मृती अजून वर्षाची झालेली नव्हती आणि मी बाहेर असते तेव्हा तिला माझ्या सासूबाई, कुसुमावती, सांभाळतात. एक पाळणाघर मी बघून आले होते. बाथरूमच्या दाराची कडी लागत नव्हती, आत भरलेली बादली होती. तिथल्या बाई फार प्रेमळ होत्या, पण मला ती बादलीच दिसत राहिली. म्हणजे सासूबाई 'हो' म्हणाल्या तरच माझं 'हो'. त्यांना विचारायचं मी रोज उद्यावर ढकलत होते. खरं तर विचारायचं काय, त्या सांभाळतातच की, असंही वाटत होतं.

श्रीहरी सकाळी आला. गुरुराज, माझा नवरा, बेलूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. श्रीहरीने चपला बाहेर काढल्या आणि टॅब छातीशी धरून दारातच उभा राहिला.

"अज्जी, आत येऊ?"

"अज्जी कुणाला म्हणतोस रे? मी हिची अज्जी." सासूबाईंनी कडेवरच्या स्मृतीकडे बोट केलं. "तुला मी टीचर. ये, कूडप्पा, बस."

तो बसला. मी चुरमुऱ्यांचा सुसला आणि चहा आणून ठेवला. ज्या घरात माहिती घ्यायची तिथे काही खायचं नाही असं प्रशिक्षणात सांगतात. श्रीहरीने माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं, मग त्याने खाल्लं.

गुरुराजचं पटकन झालं. नियमित पगार, कारखाना, पाळी. मग माझी पाळी आली.

"अक्का, तुमचं काय लिहू?"

"विचार आणि मग लिही."

"गेल्या सात दिवसांत काही काम केलंत?"

"केलं."

"कसलं?"

"तू आत्ता करतोयस ते."

"उन्हातान्हात लोकांची दारं वाजवायचं," सासूबाई म्हणाल्या. "तेही लिही."

श्रीहरी हसला आणि त्यांच्याकडे वळला. वय विचारलं. एकसष्ट. शिक्षण विचारलं. बी.एस्सी., बी.एड., हायस्कूलला गणित. गणित म्हटल्यावर तो जरा ताठ बसला.

"अम्मा, गेल्या सात दिवसांत काही काम केलंत?"

"केलं की. ही काय, कडेवर बसलीये."

"ते घरचं, अम्मा. ते कामात धरत नाहीत."

"असं होय. मग शेजारच्यांची पोर सांभाळली असती तर?"

"पैसे घेऊन?"

"घेऊन."

"मग काम."

"ऐकलंस का वेदश्री? मला पोर बदलायला पाहिजे."

सगळे हसलो. श्रीहरी म्हणाला, "पेन्शन आहे ना तुम्हाला? मग झालं, पेन्शनर." त्याचं बोट पुढच्या पानाकडे निघालं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. टॅब मला दिसत नव्हता, पण त्याच्या बोटावरून कळलं की एक प्रश्न राहिला. काम न करणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा असतो : काम शोधलं का, आणि शोधलं नसेल तर, मिळालं असतं तर केलं असतं का? म्हाताऱ्या माणसांना तो कुणीच विचारत नाही. विचारला तर त्या बायका पदर तोंडाला लावून हसतात, लेक-सुना हसतात, आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. सगळे तो गाळतात. पण हे माझं घर होतं. महादेव सर काही घरं निवडून स्वतः फेरतपासणी करतात, आणि माझ्या घरी न येतील तर नवल. नेमकं कंत्राटाच्या वेळी माझ्या घरात गाळलेला प्रश्न सापडायला नको होता.

"श्रीहरी, शोधलं का, ते राहिलं."

"अहो अक्का, ह्यांना काय विचारायचं?"

"सगळ्यांना विचारायचं असतं."

त्याने मान डोलावली. पुन्हा मागे गेला.

"अम्मा, गेल्या सात दिवसांत काम शोधलंत?"

"नाही बा."

"मिळालं असतं तर केलं असतं?"

मी त्या हसण्याची वाट बघत होते. सासूबाईंनी स्मृतीला खाली सतरंजीवर ठेवलं, तिचा फ्रॉक नीट केला.

"केलं असतं," म्हणाल्या.

"म्हणजे... बाहेरचं?"

"बाहेरचंच. गणित शिकवायचं."

"रोज?"

"रोज."

श्रीहरीने माझ्याकडे बघितलं. मी स्मृतीकडे बघितलं. तिची मूठ बंद होती. मी जाऊन ती उघडली. आत एक चुरमुरा होता. तो मी काढून घेतला.

"अक्का," श्रीहरी हळूच म्हणाला, "मग ह्या पेन्शनर राहत नाहीत."

"मग कोण होते मी?" सासूबाईंनी विचारलं.

"बेरोजगार, अम्मा."

आता त्या हसल्या. पदर वगैरे न लावता, मोठ्याने. "अगं बाई! शाळेत होते तेव्हा रोजगारी, निवृत्त झाले तेव्हा पेन्शनर, आणि आता ह्या वयात बेरोजगार. भर बाबा, भर. तेवढं तरी सरकारला कळू दे."

श्रीहरीने भरलं, दोघींच्या पाया पडल्यासारखा वाकला आणि गेला.

मी कप विसळायला घेतले. सासूबाई ताट पुसत होत्या.

"कुणी विचारलं होतं का तुम्हाला? शिकवायला?"

"धारवाडला, सप्तापुरातल्या एका क्लासवाल्यांनी. दहावीच्या पोरांना गणित. दुपारपासून संध्याकाळपर्यंत."

"मला बोलला नाहीत."

"काय बोलायचं? तुझं काम चालू होतं. जमणार नाही म्हणून सांगितलं त्यांना. पुन्हा फोन आला, पुन्हा तेच सांगितलं."

ते फोन मी ऐकले होते. बाल्कनीत जाऊन बोलत होत्या. मला वाटलं होतं, मठातल्या भजनी मंडळाचं काहीतरी असेल. मी इतकी बघत असते घरात, कोणती प्लगची भोकं उघडी आहेत, कोणत्या औषधाचं झाकण सैल आहे, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही.

"मग आज का सांगितलंत?"

"त्यानं विचारलं. सरकारी माणसापुढं खोटं कशाला बोलू?"

"श्रीहरी सरकारी नाही हो. कंत्राटी आहे, माझ्यासारखा."

"मग काय, कंत्राटी खोटं बोलायचं होतं?"

त्यांनी ताट मांडणीला लावलं आणि स्मृतीला अंघोळीला नेलं. पाण्यात हात घालून बघितला, पुन्हा थोडं गार ओतलं, पुन्हा बघितला. रोजच्यासारखंच. गाणंही रोजचंच म्हणत होत्या. मी दाराशी उभं राहून बघत होते, काही फरक दिसतो का. दिसला नाही. पण आता तो दिसला नाही म्हणूनही मला बरं वाटेना.

गुरुराज दुपारी आला. जेवताना त्याला सांगितलं.

"आई कुठं जातीये," तो म्हणाला. "मी ओळखतो तिला. तू सरांना हो म्हणून टाक."

"आणि त्यांना जायचं असलं तर?"

"मग तसं बोलली असती की ती."

"बोलल्या ना. सकाळी."

"ते सर्व्हेत गं." तो ताक पिऊन झोपायला गेला. पहिल्या पाळीला पहाटे उठावं लागतं, त्याला झोप हवी असते, ते खरंच आहे.

ऊन उतरल्यावर मी गच्चीवर जाऊन महादेव सरांना फोन लावला. सर म्हणाले, "बरं झालं फोन केलास. गोकुळ रोडचा भाग रिकामा आहे. तुलाच देतो."

"सर, वेळ?"

"संध्याकाळीच. दिवसा कोण भेटणार तिथं? सगळे वर्कशॉपात असतात."

"सकाळचं कुठलं नाही का?"

"आता नाही."

सासूबाई खाली आहेत, विचारलं तर त्या हो म्हणतील, हे मला माहीत होतं. त्या कधीच नाही म्हणाल्या नव्हत्या. तीच अडचण होती. गोकुळ रोडच्या कुठल्यातरी जिन्यात उभी राहून मी कुणालातरी विचारत असेन, गेल्या सात दिवसांत काय केलंत, आणि इकडे स्मृती अशा हातांत असेल ज्यांना त्या वेळी खडू धरायचा होता. सासूबाई तिला जपतीलच. पण मी रोज घरी आल्यावर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसेन.

"मग नको, सर."

"बघ हं. पुढच्या वेळी यादीत नाव राहीलच असं नाही."

"हो, सर."

वळले तर सासूबाई दोरीवरचे वाळलेले लंगोट हातावर घेत उभ्या होत्या. स्मृती खाली गुरुराजपाशी झोपली होती.

"कुणाला नको म्हणालीस?"

"महादेव सरांना."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता."

"मग?"

"म्हणूनच नाही विचारलं."

त्यांनी एक लंगोट झटकला. "म्हणजे माझ्यासाठी नोकरी सोडलीस? असले उपकार मला नकोत."

"तुमच्यासाठी नाही," मी म्हणाले. "स्मृतीसाठी."

ते तोंडातून निघाल्यावर कळलं काय बोलले. त्यांचा हात थांबला.

"माझं लक्ष राहणार नाही असं वाटलं तुला?"

"तसं नाही."

"तसंच आहे. एवढ्या पोरांना शिकवलं, माझा गुरुराज वाढवला, आणि तुला वाटतं मी मनात गणितं सोडवत बसेन आणि पोर पडेल."

"आई, तुम्ही मनाविरुद्ध राहिलात तर मला रोज तेच वाटेल. तुम्ही काही केलं नाहीत तरी वाटेल. मी तशीच आहे."

त्यांनी दोरीवरचा पुढचा लंगोट ओढला. राग गेला असं नाही, पण तो कुठे ठेवावा हे कळत नसल्यासारखं झालं. मलाही राग आला होता. त्यांचा, श्रीहरीचा, त्या प्रश्नाचा. खाली झोपलेल्या गुरुराजचा सगळ्यांत जास्त.

"त्याला कुणी विचारलं का?" सासूबाई एकदम म्हणाल्या. "पहिल्या पाळीला असतो तेव्हा दुपारीच घरी येतो. झोपतो. उठल्यावर काय करतो? मोबाइल बघतो. त्या पोरानं त्याला का नाही विचारलं, मिळालं तर कराल का?"

"त्याला काम आहे म्हणून."

"असं का." मग म्हणाल्या, "फोन लाव तुझ्या सरांना. आठवडाभर पहिली पाळी असते तेव्हा तो बघेल, दुसरी असते तेव्हा मी बघेन. क्लासवाल्यांना मी आठवड्याआड येते म्हणून सांगते. चालवून घेतील, त्यांना गणिताचं माणूस मिळत नाहीये."

मी फोन लावला. सर म्हणाले, "अगं, दीपश्रीला दिला की मी तो भाग."

"आत्ताच तर बोललो आपण."

"हो, तिचा फोन वेटिंगवर होता. ती लगेच हो म्हणाली."

सासूबाईंना ऐकू आलं होतं. त्यांनी उरलेले लंगोट गोळा केले. जिना उतरताना म्हणाल्या, "तरी उद्यापासून त्याला शिकवायचं. शी धुवायला येत नाही त्याला."

क्लासवाल्यांना आठवड्याआडचं चाललं नाही. रोज या म्हणाले. सासूबाईंनी एक दिवस विचार केला, दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून, जुनी पर्स काढून चिगरी सिटी बसने धारवाडला गेल्या. जाताना मला काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. स्मृती त्यांच्यामागे रांगत दारापर्यंत गेली, दार लागल्यावर रडली, मग कुकरची शिट्टी झाली तेव्हा गप्प झाली. गुरुराज दुपारी आला. आता तो झोपायच्या आधी तासभर तिला घेतो. लंगोट अजून मीच बदलते.

काही दिवसांनी श्रीहरीचा फोन आला. तो आमच्या भागाची माहिती शेवटची तपासून पाठवत होता.

"अक्का, तुमच्या घरचं एकदा बघून घेतो. सर विचारतात म्हणून. अण्णा नियमित पगारी. तुम्ही कामावर. अम्मा बेरोजगार. बरोबर?"

सासूबाई तेव्हा सप्तापुरात होत्या. मी स्मृतीला वरण-भात भरवत होते.

"बरोबर."

"नाही, मला दीपश्री म्हणाली की तुम्ही या वेळी नाही. आणि अम्मा क्लासला जातात म्हणे. मग बदलू का?"

"तू आलास त्याच्या आधीचे सात दिवस विचारलेस ना?"

"हो."

"मग त्या सात दिवसांचं तेच खरं आहे. बदलू नकोस."

"ठीक. मीही तेच म्हणत होतो. आणि अक्का, आता? म्हणजे असंच, मी विचारतोय. मिळालं तर..."

"सकाळचं असेल तर सांग सरांना," मी म्हणाले. "गोकुळ रोड नको, लांब पडतं. नवनगर, फार तर धारवाडची अलीकडची बाजू. आणि ठेव आता, ही जिन्याकडे निघालीये."