यंत्र बोललं नाही

"आये, माती पार भिजली की भोंगा वाजंल. वाजला की निघायचं," मल्हारने सारजाबाईला बजावलं होतं.

यंत्र त्याने मारुंजीच्या भाड्याच्या खोलीत जोडलं आणि ताम्हिणीला आईबापाच्या घरी बसवलं: सळ्या मागच्या उतारावर, मोजणारी पेटी घरात, मधे लांब वायर. मातीत रोवलेल्या सळ्यांवर विजेची साइन लहर धावे, सेकंदाला लाखो हेलकावे. माती ओली होईल तसे हेलकावे कमी; फारच कमी झाले की भोंगा. ते मोजायला एक चिप त्या लहरीची चौकोनी लहर करी: विजेच्या दाबाची ठरलेली रेघ ओलांडली की चालू, खाली आली की बंद.

त्या दुपारी उतारावरून दगड गडगडू लागले. शेजारच्या रंभाबाईने पोरंबाळं बाहेर काढली आणि हाक मारली, "सारजे, चल गं!"

"मल्हारचं यंत्र कुटं बोललंय अजून?" असं म्हणत सारजाबाई शेळ्यांना पाला टाकायला गोठ्यात गेली. दरडीने गोठा नेला, तिलाही नेलं. तिचा नवरा सावळा पौडला गेला होता, म्हणून वाचला.

दिवसकार्य उरकल्यावर मल्हारने घरात उरलेली पेटी मारुंजीला आणली, तेवढीच लांब वायर जोडली आणि पडद्यावर पाहिलं. पूर्वी खोलीत तपासताना वायर आखूड होती; ही लांब वायर आजूबाजूची विजेची खरखर गोळा करत होती. लहर रेघेपाशी येऊन थरथरे, आणि चिप एकाच हेलकाव्याचे तीन-चार मोजी. आकडा फुगला होता. चिंब माती यंत्राला कोरडीच दिसली होती.

उपाय साधा होता. एका रेघेऐवजी दोन: वरची ओलांडली तर चालू, खालच्या रेघेखाली गेली तरच बंद; मधली थरथर मोजलीच जाणार नाही. एवढ्याशा रेझिस्टरचं काम. पडद्यावर स्वच्छ चौकोन उभे राहिले.

"जमलं रे!" त्याची बायको समीक्षा म्हणाली. मग त्याचं तोंड पाहून तिने पडदा बंद केला.

पेटी घेऊन तो वस्तीवर गेला. "आबा, आये माझ्या यंत्रापायी गेली. ते चुकीचं मोजत हुतं."

"ठाव हाय," सावळा म्हणाला. "रंभीनं सांगितलं, तुझी आय का थांबली ते."

"मग परत बसवू देताय?"

"खालच्या घरात गेणबाची लेकरं हायेत." सावळ्याने सळई उचलली, चिखलात उभी धरली. "ठोक."

मल्हारने हातोडा उचलला आणि परत खाली ठेवला. तो तिथंच चिखलात बसला आणि ढसाढसा रडू लागला. सावळा जवळ आला नाही. सळई तशीच सरळ धरून तो लेकाचं रडणं संपायची वाट पाहत राहिला.