एकमेव ध्वनिमुद्रण

"थांबव," शालनताईंनी हात वर केला.

दत्तप्रसादनं लॅपटॉपची कळ दाबली. ताईंच्या नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत बासरी मध्येच तुटली.

"मागे घे. वर जाते तिथपासून."

त्यानं मागे घेतलं. पंचमावरून सूर वरच्या षड्जाकडे चढू लागला आणि पोचायच्या आधी, अगदी तिळभर, थांबला. वादकानं श्वास घेतला होता.

"ही मी नव्हे," ताई म्हणाल्या. "हा अवधूत. माझा गुरुबंधू."

दत्तप्रसाद हसला, मग त्यांचा चेहरा पाहून गप्प झाला. दोन वर्षं तो त्यांच्यावर माहितीपट करत होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला असलेल्या बाबुराव ओव्हाळांची मुलगी, बायका बासरी हातात घेत नसत त्या काळात पुण्यात बैठकीला बसलेली. ताईंकडच्या कॅसेटींना केव्हाच बुरशी लागली होती. ही एक कसबा पेठेतल्या संग्राहकाकडे सापडली. वर शाईनं लिहिलं होतं, 'शालन ओव्हाळ, १९८४'.

"नक्की ना, ताई? चाळीस वर्षं झाली."

"मी तिथे कधीच श्वास घेतला नाही."

गेल्या वर्षी तोंडाची डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून बासरी पेटीत होती. बोलतानाही वारा निसटे. प, ब, म ओठांवर मिटतच नसत. ऐकायची सवय असलेल्यालाच त्यांचं बोलणं कळे. दत्तप्रसादला एव्हाना सवय झाली होती.

"संयोजक म्हणायचे, बाईचा दम तो केवढा! म्हणून ती एक जागा अकरा वर्षं घोटली. एका श्वासात. अवधूतला बोलावणी येतच होती. त्याला कशाला घोटायला हवी?"

"पण मग ऐकवायचं काय? तुमचं दुसरं काहीच उरलेलं नाही."

"मग काही ऐकवू नकोस."

"ताई, रविवारी खेळ आहे. पत्रिका गेल्यात. आणि खरं सांगू का, कोणाला कळणार आहे?"

त्यांनी ठामपणे नकारार्थी मान हलवली. त्यानं मान खाली घातली, लॅपटॉप मिटला, पाया पडून निघाला. त्याला पटलं, असं त्यांनी धरलं.

रविवारी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर खडकीची क्वार्टर्स आली, खाकी कपड्यांतले वडील आले, दोन वेण्या घातलेली, बासरी आडवी धरलेली मुलगी आली. आणि बासरी सुरू झाली. पंचम. चढण. श्वास.

लगेच निवेदकाचा भारदस्त आवाज आला, "स्त्रीच्या श्वासाला मर्यादा असते. त्या मर्यादेतही शालनताईंनी किती सुंदर वाजवलं!"

टाळ्या पडल्या.

दिवे लागल्यावर त्यांना मंचावर नेलं. कोणीतरी हातात माईक दिला.

"ही बासरी माझी नाही," त्या म्हणाल्या.

सभागृहात नुसता वारा घुमला आणि त्यात दोन-चार तुटके स्वर. लोक शांत झाले. ताईंनी ओठाचा डावा कोपरा बोटानं दाबून धरला आणि एकेक शब्द सुटा करून पुन्हा म्हटलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. त्यांच्या शेजारचे गृहस्थ उठून उभे राहिले, मग त्यांच्यामागची रांग, मग सगळं सभागृह.

विंगेत उभ्या असलेल्या दत्तप्रसादला शब्दन् शब्द कळला होता. ताईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. सांग, अशी मान हलवली.

तो पुढे आला. त्यांच्या हातातून माईक अलगद काढून घेतला.

"ताईंना भरून आलंय," तो म्हणाला. त्याचा स्वतःचाही आवाज कापत होता.